आजोबांच्या दंडावरचे पंख

आमच्या आजोबांनी आयुष्यात एकही लढाई लढली नाही. पण हे मला कळेपर्यंत मी त्यांना दोन युद्धांवर पाठवून सुखरूप परतही आणलं होतं.

तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, आंब्याची कलमं लावतात. मी मोबाइलवर रणगाडे बघायला लागलो. वर्षभरात चाकांवरून गाडी कुठली आणि बिल्ल्यावरून पलटण कुठली, हे मला ओळखता येतं असा माझा पक्का समज झाला. त्यासाठी रत्नागिरीहून भलंमोठं भिंगही आणलं. (बाजारातून मेथी सांगितली की मी शेपू आणतो, पण तो विषय बायकोचा.)

अशात ग्रामपंचायतीने ठरवलं की पंधरा ऑगस्टला गावातल्या जवानांचे जुने फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावायचे. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या घरातून आत्या एक फोटो पदराखाली धरून आली. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली.

"बाळ्या, ह्याची काच फुटलीय रे. हातखंब्याला जाशील तेव्हा बदलून आण. बाबांचा हा एवढा एकच फोटो आहे माझ्याकडे."

तिचे बाबा म्हणजे माझे आजोबा. मी पाळण्यात असतानाच ते गेले. फोटोत ते खाकी कपड्यांत ताठ उभे, गळ्यात रुमाल आणि मागे जीप! माझा हात आपोआप भिंगाकडे गेला.

"सुनंदा, इकडे ये," मी बायकोला हाक मारली. "जीपमधून ही नळी बाहेर आलीय ना? मशिनगन."

"मला तर बागेला पाणी शिंपायची वाटते."

"तुला काय कळतंय? मागे पिंप बघ. दारूगोळा."

"दारूगोळा पिंपात भरतात?"

"युद्धकाळात मिळेल त्यात भरतात."

"अरे बाळ्या, ते पिंप—" आत्याने तोंड उघडलं.

"आत्या, थांब जरा. हे तांत्रिक आहे."

मग मी भिंग आजोबांच्या दंडावर नेलं. बिल्ल्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख होते. जरा पुसट होते, पण पंखच.

"छत्रीसैनिक," मी म्हणालो. "आपले आजोबा विमानातून उड्या मारायचे!"

"माझे बाबा?" आत्या म्हणाली. "ते साकवावरून ओढा ओलांडताना माझा हात धरून डोळे मिटायचे."

"तीच तर जिगर, आत्या. भीती वाटायची, तरी उडी मारायचे."

"अरे, ते सरकारी नोकरीत होते रे."

"लष्कर काय खाजगी असतं?"

"हा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे," असं मी जाहीर केलं. आत्या बराच वेळ फोटोवरून हात फिरवत बसली. भिंतीवरच्या बाबांची कल्पना तिला मनापासून आवडली होती, हे दिसत होतं.

"लाव," ती शेवटी म्हणाली. "पण चार लोकांत माझ्या बाबांचं हसं करू नकोस. एवढंच सांगते."

मी ते मनावर घेतलं आणि फोटो कुणालाही न दाखवता ग्रामपंचायतीच्या यादीत आजोबांचं नाव घातलं. (लष्करी गुपितं अशी वाटायची नसतात.) नवी काच बसवली, नवी चौकट केली आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहून घेतलं: 'शूर छत्रीसैनिक, मशिनगनसज्ज टेहळणी जीपसह'.

पंधरा ऑगस्टला सभागृह गच्च भरलं. अनावरणाला गावातले निवृत्त सुभेदार तात्या होते. पडदा सरकायच्या आधी मी भाषण ठोकलं. भाषणात आजोबांनी दोन युद्धांत दोनदा उडी मारली, एकदा तर चांदण्यात. टाळ्या पडल्या. आत्या पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती, तिने मात्र टाळी वाजवली नाही.

तात्यांनी पडदा सरकवला आणि फोटोकडे बघत राहिले. मग जवळ गेले. मग आणखी जवळ.

"भाऊ, भिंग आहे?"

मी अभिमानाने खिशातून काढून दिलं. तात्यांनी दंडावरचा बिल्ला शांतपणे निरखला.

"भाऊ, छत्रीसैनिकाला सहा पाय असतात?"

"म्हणजे?"

"आणि पुढे सोंड?" तात्यांनी भिंग मला परत दिलं. "डास आहे हा."

मी बघितलं. पंख होते, पाय होते, सोंड होती. एवढा धडधडीत डास मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सभागृहात आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग हास्याचा नुसता धबधबा. मागून एकजण ओरडला, "चांदण्यात उडी मारणारच की, डास तो!" मीही हसलो असतो, पण आत्याने मान खाली घातली होती. जे करू नकोस म्हणून तिने सांगितलं होतं, नेमकं तेच मी माइकवरून केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या काठी टेकत उठली.

"हिवतापाच्या खात्यात होते माझे बाबा," ती म्हणाली. "नळी औषध फवारायची, पिंपात औषध. तेव्हा ह्या गावात घराघरांत माणसं कुडकुडत पडलेली असायची. फवारायला गेले की लोक दार लावून घ्यायचे, भिंती डागाळतात म्हणून. मग बाबांनी आधी आमचं घर फवारलं, देवघरासकट. ते बघून बाकीच्यांनी दारं उघडली. हसायचं तर हसा आता."

कुणी हसलं नाही. तात्यांनी टोपी सरळ केली.

"माझी आई त्या तापातून उठली, मग मी जन्मलो," ते म्हणाले. "हा फोटो मधोमध लावा. माझा जरा बाजूला सरकवा."

आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने लावला. मघाचा मागचा ओरडणारा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती. मी चौकटीखालचे 'शूर' एवढाच शब्द ठेवून बाकीच्यावर कागद चिकटवत होतो.

घरी येताना मी आत्यावर चिडलो. "तू आधीच सांगायचं ना मला!"

"मेल्या, तांत्रिक होतं ना ते?"

हल्ली गावात कुणाकडे जुना फोटो निघाला की तो थेट आत्याकडे नेतात. मलाही आवर्जून बोलावतात. आत्याचे हात थरथरतात, तेव्हा भिंग धरायला कुणीतरी लागतंच.