फळीशिवाय घेतलेली होडी

मला होडी विकणाऱ्या गृहस्थाबद्दल माझी एकच तक्रार आहे. तो भांडला नाही.

मी आयुष्यभर भांडून खाल्लं आहे. चाकणला माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. कंपन्यांना ट्रॉल्या, रॅक, स्टँड करून देतो. खरेदीच्या साहेबाने भाव खाली ओढायचा, मी फाइल मिटून उठायचं, त्याने मला दारापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग म्हणायचं, "अहो बसा, चहा तरी घ्या." सगळे खरे व्यवहार त्या चहावर होतात. समोरचा भांडला की माल काय लायकीचा आहे ते कळतं. गप्प बसणारा माणूस मला कळत नाही.

हे काका गप्प बसणारे निघाले. वाकडला त्यांचं रो-हाउस आहे. त्यांच्या ग्रिलचं माप घ्यायला गेलो तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी लांबुडकं दिसलं. चौदा फुटी फायबरची होडी, शीड, डोलकाठी आणि दोन चाकांचा ट्रेलर. गाडीमागे जोडायची, धरणावर न्यायची, पाण्यात सोडायची. काका निवृत्त इंजिनिअर, गुडघे गेलेले, म्हणून विकायची होती. मला पाण्याची आवड होती असं मुळीच नाही. मला "ट्रेलरसकट" हा शब्द आवडला. एका भावात दोन वस्तू.

भाव खाली आणताना मी भिंतीला टेकवलेली एक लाकडी फळी पाहिली. जुन्या चादरीत गुंडाळलेली, माणसाच्या छातीएवढी उंच.

"हे काय?"

"ही होडीच्या मधल्या खाचेतून खाली पाण्यात सोडायची. हिच्याशिवाय होडी आडवी घसरते."

"लाकूडच ना? मला नको. याचे वजा करा. मी लोखंडात करून घेईन, माझा धंदाच तो आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ही फळी लागतेच, असं ते एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले. मी उठून फाटकापर्यंत गेलो. "ठीक आहे," काका म्हणाले, "फळी राहू द्या माझ्याकडे." मी जिंकलो होतो. घरी येईपर्यंत ढेकर येत होते.

गाडीमागे होडी जोडून घरी नेली, ती मिरवणूक पुष्कळांनी पाहिली. वाकडच्या चौकात आम्ही एवढा वेळ अडकलो की शेजारच्या कॅबमधल्या पोरांनी होडीबरोबर फोटो काढून घेतले. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "भावा, पुढं पूर आलाय का? आम्हाला पण सांग की!" मी त्याला आईबापांवरून काहीतरी बोललो, पण सिग्नल सुटला आणि ते वाया गेलं.

सोसायटीत सेक्रेटरी फाटकातच उभे. म्हणाले, हे वाहन चारचाकीची जागा अडवतं, चारचाकीचा दर लागेल. मी त्यांना ट्रेलरची चाकं मोजायला लावली. "किती भरली? दोन. मग दुचाकीचा दर लावा." हा वाद तीन बैठका चालला आणि शेवटी मी जिंकलो, म्हणजे होडी दुचाकीच्या दरात, दुचाकींच्या रांगेत, सगळ्यांच्या स्कूटरी अडवून उभी राहिली. रोज सकाळी पाच-सहा माणसं मला शिव्या देऊन हिंजवडीला कामाला जाऊ लागली. त्या शिव्या मला ऐकू येत नसत. बायकोला येत. ती दूध आणायला खाली जायची.

मावळातल्या ज्या धरणावर मी जातो त्याचं नाव लिहीत नाही. परवानगी आहे, पण ती मिळवताना झालेली भांडणं अजून ताजी आहेत. पहिल्या रविवारी शीड उभारलं, वाऱ्याने ते फुगलं आणि होडी निघाली. तोंड समोरच्या काठाकडे, आणि ती चालली बाजूला. मी सुकाणूचा दांडा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. होडीचं तोंड माझं ऐकत होतं, बाकीची होडी वाऱ्याचं ऐकत होती. अर्ध्या तासात मी धरणाच्या एका टोकाला गवतात जाऊन रुतलो. तिथे एक म्हातारे बाबा म्हशी पाण्याला घेऊन आले होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "त्वांड येकीकडं आन् चाललीय दुसरीकडं. खेकडा हाय का होडी?"

"वारा वाकडा आहे, बाबा."

"वारं सरळ हाय. रोजचंच हाय."

परत येताना होडीला दोर बांधून मी काठाकाठाने ओढत आणली, शेळी ओढावी तशी. बाबा मागून म्हशी घेऊन येत होते. म्हशी माझ्यापेक्षा पुढे गेल्या. हे चार रविवार झालं. त्या म्हशी मला ओळखू लागल्या.

चौथ्या रविवारी काठावरूनच काकांना फोन लावला आणि आवाज चढवला. "तुम्ही मला अर्धी होडी विकली!"

"हो," काका शांतपणे म्हणाले. "उरलेली तुम्ही वजा करून घेतलीत."

मी फोन खिशात टाकला आणि दोर ओढायला लागलो.

पण एक खरं सांगतो. आडव्या चाललेल्या त्या होडीतही मध्येच पाच-दहा मिनिटं अशी यायची की शीड भरलेलं, खाली पाण्याचा बारीक आवाज, आणि समोर कोणी नाही. वाऱ्याला कोटेशन देता येत नाही. त्याला चहा पाजता येत नाही, तो साहेबाला विचारून सांगतो म्हणत नाही. जबडा सैल सोडून बसलोय हे मला जबडा दुखायचा थांबला तेव्हा कळलं. म्हणून मला ती होडी हवी होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण आवडलेल्या वस्तूचा भाव वाढतो.

बायकोने मात्र दिवाळीआधी निकाल लावला. तिचं माहेर मावळातलंच, विहिरीत पोहायला शिकलेली. पाण्याचं तिला अप्रूप नाही आणि भीतीही नाही. म्हणाली, "मला एकदा समोरच्या काठाला नेऊन परत आणा. दोर न लावता, कोणाला न बोलावता. जमलं तर राहू दे तुमची होडी. नाही जमलं तर विकायची. मला खालून दूध आणावं लागतं."

आता फळी हवीच होती, आणि काकांच्या दारात मी जाणार नव्हतो. शेडमध्ये होडीच्या खाचेचं माप मी स्वतः घेतलं. दहा एमएमची प्लेट कापली, कडा घासल्या, दोन्ही बाजूंना पट्ट्या मारून जाडी भरून काढली, वर धरायला कान लावले, गंज नको म्हणून पावडर कोटिंग केलं. आमच्याकडे ढिला बसणारा जॉब रिजेक्ट होतो. मी ती प्लेट अशी केली की खाचेत केससुद्धा जाणार नाही. तीस वर्षांत एवढं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

त्या रविवारी बायको सलवार-कमीजवर नारंगी जॅकेट घालून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसली. छातीभर पाण्यात आल्यावर मी प्लेट खाचेत घातली. ती अर्ध्यावर थांबली. मी रबरी हातोडा काढला आणि ठोकली.

"हे असंच बसवतात?" तिने विचारलं.

"असंच."

आणि होडी सरळ निघाली. खरंच सांगतो, बाण सुटावा तशी. वारा एका अंगाने येत होता, होडी थोडी कलली, मी बाहेर झुकलो, पाणी कडेने पळू लागलं. बायकोने चिवडा खायचा थांबवून डबा घट्ट धरला, मग तिच्या लक्षात आलं की आपण पडत नाही आहोत, आणि ती हसली. ते हसू मी आमच्या घराची वास्तुशांत झाली त्या दिवशी पाहिलं होतं. मी आत्तापासूनच जिंकल्यासारखा बसलो होतो.

समोरचा काठ वीस-पंचवीस फुटांवर आला आणि खालून खर्रर्र झालं. प्लेट तळाला टेकली होती. उथळ पाण्यात ती वर ओढून घ्यायची असते. मी कान धरून ओढली. ती हलली नाही. पाय लावून ओढली. खालून ठोकावी तर खाली पाणी. लाकडी फळी खाचेत सैल का असते, हे मला त्या क्षणी, कमरेएवढ्या पाण्यावर, होडी खांबासारखी उभी असताना समजलं.

"काठ तिकडे आहे," बायको म्हणाली.

"हाच काठ समजायचा. पाणी कमरेएवढंच आहे."

"पाणी संपतं तिथे काठ."

"बरं, गुडघ्यापर्यंतचा धरू. मधला मार्ग."

"अहो, मी कंपनीतला साहेब आहे का?"

एवढं बोलून तिने डबा माझ्या हातात दिला, कडेवरून पाण्यात उतरली, चालत काठावर गेली, कमीज पिळली आणि वळून म्हणाली, "मी पोचले. होडी नाही पोचली."

मी उभा राहून बोलायला लागलो. प्लेटचा दोष कोणाचा, कोटिंगने जाडी किती वाढते, निम्मं अंतर आलो म्हणजे अर्धं तरी मान्य करा, विकायची तर आत्ता भाव नाही, पाडव्यानंतर बघू. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "तुम्हाला ती एवढी हवी आहे?"

मला खोटं सुचलं नाही. "हो," म्हणालो. तीस वर्षांत एवढा वाईट सौदा मी केला नाही.

तिने लगेच दोन अटी घातल्या. एक, काकांकडून लाकडी फळी आणायची, ते सांगतील त्या भावाला, आणि मी तोंड उघडायचं नाही. दोन, परत जाताना दांडा तिच्या हातात. पहिल्या अटीवर मी थोडी हुज्जत घातली. ती पाठ फिरवून काठावरच्या रस्त्याकडे एसटी बघायला निघाली, तेव्हा दोन्ही मान्य केल्या. फळी आता आमच्याकडे आहे. भाव विचारू नका.

मी पाण्यात उतरून हलकी झालेली होडी, प्लेट तशीच अडकलेली, खोल पाण्यात रेटली आणि आम्ही दोघं चढलो. परतीला मी पुढे बसलो, चिवड्याचा डबा धरून. तिने दांडा पहिल्यांदा चुकीच्या बाजूला ढकलला, मी "अगं, तिकडे नाही" म्हणालो आणि शिडाचा आडवा दांडा माझ्या डोक्यावरून सप्पकन गेला. थोड्या वेळाने मी पुन्हा बोललो, पुन्हा तो गेला. तिसऱ्यांदा मी चिवडा खाल्ला. मधल्या पाण्यावर वारा एकसारखा लागला, तिने दांडा हलका धरला, आणि मी डबा तिच्यापुढे केला.

आमचा ट्रेलर उभा होता तिथून ती होडी चांगली दोनशे फूट बाजूला घेऊन गेली, म्हशींच्या पाणवठ्यावर. बाबा काठावर होतेच. खर्रर्र करून होडी थांबली.

"ट्रेलर तिकडे आहे," मी म्हणालो.

"मग इकडे आणा," ती म्हणाली.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि गाडी आणायला निघालो.