बिनतिखटाची लाटी

कथा-कादंबऱ्यांत ‘हताश’ हा शब्द आला की माणूस हमखास खाली बसतो. डोकं हातात धरतो, नाहीतर भिंतीला टेकून शून्यात बघत राहतो. ज्याची आशा मेली तो असाच दिसत असणार, असं मलाही वाटायचं.

परवा शेजारच्या कुमुदवहिनींकडे उडदाचे पापड लाटायला गेले होते. त्यांचे यजमान, नाना, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले आहेत आणि तिखट त्यांना अजिबात सोसत नाही. म्हणून वर्षाचे पापड करताना वहिनी त्यांच्यासाठी बिनतिखटाचं पीठ वेगळं भिजवतात. यंदा परातीत एकच लालसर गोळा होता.

“नानांचं वेगळं नाही भिजवलं?” मी विचारलं.

“यंदा नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, की लाटणं थांबवलं नाही. पापड नेहमीसारखाच पातळ, गोल उतरत होता.

वर्षाचे पापड करायचे म्हणजे पुढचं वर्ष गृहीत धरायचं, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकातली माणसं निदान खाली तरी बसतात. वहिनींची आशा पीठ भिजवतानाच कधीतरी गेली होती, आणि हात चालूच राहिले होते.

आतल्या खोलीतून नानांचा क्षीण आवाज आला, “लाटी ठेव गं माझ्यासाठी.”

पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायला त्यांना फार आवडते. वहिनी उठल्या. वाटीखाली झाकून ठेवलेली एक पांढरट लाटी त्यांनी बशीत घेतली, वर तेल सोडलं आणि आत गेल्या. बिनतिखटाची तेवढी एकच केली होती, आजच्यापुरती.