पात्यांचा बाण

माझा नवरा डग्लस आयुष्यात एकदाही शिकारीला गेलेला नाही. वसईला, गास गावातल्या घरी कोंबडी कापायची वेळ आली की तो मागच्या दाराने विहिरीकडे सटकायचा आणि सुरी माझ्या हातात यायची. असा हा माणूस कतारमध्ये, दोह्यात, लोकांना शिकारीची धनुष्यं लावून देतो. अल गराफातल्या एका दुकानात तंबू, शेगड्या, गळ आणि धनुष्यं मिळतात. तिथे तो स्टोअरकीपर म्हणून लागला आणि मागच्या खोलीतल्या धनुष्याच्या टेबलाला जो चिकटला तो चिकटलाच.

ही धनुष्यं म्हणजे जत्रेतली बांबूची नव्हेत. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, सगळं स्क्रूंवर. सरावाच्या बाणाला पेन्सिलीसारखं साधं टोक असतं आणि तो बऱ्यापैकी सरळ जातो. शिकारीच्या बाणाला मात्र पुढे धारदार पाती असतात आणि ती वारा धरतात. धनुष्य जरा जरी वाकडं लागलेलं असलं तरी पात्यांचा बाण भलतीकडेच जातो. म्हणून डग्लस आधी एक कागद ताणून त्यातून बाण सोडतो आणि कागद कसा फाटला ते बघतो. मग दोन्ही तऱ्हेचे बाण एकाच ठोकळ्यावर मारतो. पात्यांचा बाण डावीकडे गेला, तर बाण ज्यावर टेकतो तो आधार केसभर उजवीकडे सरकवायचा. पुन्हा मारायचा, पुन्हा सरकवायचा. दोन्ही बाण शेजारी शेजारी घुसेपर्यंत हा माणूस जेवायलासुद्धा उठत नाही. आणि शेवटचं काम धनुष्याच्या मालकाच्या हातून करून घ्यायचं, कारण प्रत्येकाची मूठ धनुष्याला थोडी वेगळी पिळते. एकाच्या मुठीत सरळ गेलेला बाण दुसऱ्याच्या मुठीतून सरळ जाईल असं नाही.

मी त्याला एकदा विचारलं होतं, “कोंबडी बघवत नाही तुला, आणि हे कसं चालतं?”

तो म्हणाला, “बाण नीट लागला ना बेट्टी, तर जनावराला कळायच्या आत सगळं संपतं. वाकडा लागला तर त्याचे हाल होतात. मी काय करतो? हाल होऊ देत नाही.”

एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आणि एवढीच एक इच्छा, की आपण लावलेल्या धनुष्यातून सुटलेला बाण खऱ्या रानात सरळ जाताना एकदा डोळ्यांनी बघावा. गिऱ्हाइकं आफ्रिकेत जायची, फोटो दाखवायची, आणि हा त्या फोटोत मेलेल्या जनावराऐवजी बाण कुठे घुसलाय ते शोधायचा.

गिरीश आमच्या आयुष्यात आला तो त्याच्या बायकोच्या, उल्काच्या, ऑपरेशनमुळे. मी तिच्या वॉर्डात नर्स होते. पुण्याची माणसं, दोह्यापासून लांब, दुखानच्या तेलकंपनीच्या टाउनशिपमध्ये राहणारी. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, पण गिरीशचा मोठा साहेब दरवर्षी दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जातो म्हटल्यावर याच्याही अंगात शिकारी संचारला. साहेबाच्या नजरेत भरायला माणूस काय काय करतो! मीच त्याला डग्लसचं नाव सांगितलं. डग्लसने त्याला धनुष्य निवडून दिलं, धरायला शिकवलं, आणि दर शनिवारी दुखानहून येणाऱ्या त्या माणसाच्या मुठीत ते असं लावून दिलं की पात्यांचा बाण साध्या बाणाला खेटून बसू लागला.

त्या दिवशी गिरीशने त्याला मिठीच मारली. “डग्लस, यंदा तू माझ्याबरोबर चल. प्रवासात धनुष्य हललं-बिललं तर मला कोण बघणार? जून महिन्यात जायचंय. तुझा सगळा बंदोबस्त मी करतो.”

घरी येऊन डग्लस ते मला सांगत होता तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मालकाकडे रजा मागितली, त्याने हसत दिली. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो हे मला वॉर्डातल्या एका नर्सने सांगितलं, म्हणून मी त्याच्यासाठी जाड राखाडी स्वेटर आणला. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी वाढवून तो स्वेटर घालून बसला आणि मी पोट धरून हसले. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेटेल त्याला सांगत होता, आफ्रिकेला चाललोय.

निघायच्या चार दिवस आधी फोनवर गिरीशचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. “सॉरी यार डग्लस. उल्का पण येतेय, तिला सफारी बघायचीय. जीपमध्ये जागाच नाही रे. नेक्स्ट टाइम नक्की, इन्शाल्ला.”

दुकानाचा मालक इन्शाल्ला म्हणतो तेव्हा ते काम होतं. गिरीशच्या तोंडी तोच शब्द आला की समजावं, खलास. मला इतका संताप आला की मी त्याला फोन लावायला निघाले होते. डग्लसने माझ्या हातातून फोन घेतला. “बायको आहे त्याची. बायकोला नाही म्हणेल का तो?” मग स्वेटरची घडी घालून त्याने कपाटात ठेवला. वरचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

गिरीश परत आला त्या संध्याकाळी मी दुकानातच होते, डग्लसबरोबर बाजाराला जायचं होतं. गिरीशने काउंटरवर एक बाण टाकला. एरवी डग्लसशी मराठीत बोलणारा हा माणूस त्या दिवशी इंग्रजीत बोलला, म्हणजे मालकाला आणि चार गिऱ्हाइकांना नीट कळावं. कुडू नावाचं मोठं, पीळदार शिंगांचं जनावर अगदी जवळ उभं होतं. नेम बरोबर धरला होता. बाण नेमाच्या बराच मागे लागला. जखमी जनावर पळालं ते सापडलंच नाही, फक्त आरपार गेलेला बाण गवतात मिळाला. साहेबासमोर शोभा झाली. का, तर तुमच्या माणसाचं ट्यूनिंग चुकलेलं होतं.

डग्लस पांढराफटक पडला. तो फक्त म्हणाला, “सर, एकदा मारून बघू या.”

दुकानामागच्या रेंजवर गिरीशने त्याच धनुष्यातून दोन्ही बाण मारले. दोन्ही शेजारी शेजारी बसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस शब्द मागे घेईल. त्याने खांदे उडवले. “इथे काय, इथे सगळं बरोबरच जातं.” आणि निघून गेला. मालक वाईट नाही, पण त्याला दुकान चालवायचंय. दुसऱ्या दिवसापासून त्याने डग्लसला तंबूंच्या काउंटरवर बसवलं आणि धनुष्याच्या टेबलावर नवा माणूस आणला.

गिरीशने टाकलेला बाण डग्लस घरी घेऊन आला. मागच्या पिसांवर काहीतरी हिरवट वाळलं होतं. त्याने ते नाकाजवळ नेलं, मग मोरीत बसून कितीतरी वेळ बाण धूत राहिला.

“पोटात लागला,” तो म्हणाला. “हिरवं आहे ते त्याने खाल्लेलं गवत. रात्रभर जगलं असेल ते, बेट्टी. जास्तच कदाचित.”

शिकारीतलं त्याने डोळ्यांनी बघितलं ते एवढंच.

आठवड्याने उल्काने मला सफारीचे फोटो पाठवले. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नसावं. जिराफ, झेब्रे, सूर्योदय, आणि एका फोटोत धनुष्य ताणून उभा गिरीश. डग्लसने फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. गिरीशच्या हातात काळे, लोकरीचे, जाडजूड हातमोजे होते.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. इथे त्याने महिनोन्‌महिने उघड्या मुठीत धनुष्य लावून घेतलं आणि तिथे लोकरीत गुंडाळलेल्या मुठीने धरलं. मूठ जाड झाली, धनुष्य पिळलं गेलं, पात्यांनी वारा धरला.

“हे आत्ताच्या आत्ता मालकाला दाखव,” मी म्हणाले.

डग्लस मान हलवत होता. “माझंच चुकलं गं. मी वसईचा, तिथून इथे. हातमोजा कधी घातलाय आपण? मी सगळं उकाड्यात लावून दिलं. तू माझ्यासाठी स्वेटर आणलास, तेव्हा तरी सुचायला नको होतं का मला? अंगाला थंडी वाजते तर हाताला वाजणार नाही?”

“आणि तुला नेलं असतं तर?”

“तर काढायला लावले असते मी,” तो म्हणाला. “नाहीतर तिथेच हातमोज्यात धनुष्य लावून दिलं असतं. तासाभराचं काम.”

मी त्याला न विचारता तो फोटो गिरीशला पाठवला आणि खाली सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, “ओह! पण मग डग्लसने हे आधी सांगायला हवं होतं ना.” आपले हात झटकून खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची ही कला कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे. आणि माझा नवरा काय म्हणाला? “बरोबर आहे त्यांचं.” त्या दिवशी मला गिरीशपेक्षा डग्लसचा जास्त राग आला. अजूनही येतो.

वर्षभर त्याने तंबू विकले. वाळवंटात कॅम्पिंगला जाणाऱ्या लोकांनाही विचारायचा, हाताला थंडी वाजते का तिथे? ते हसायचे.

या मे महिन्यात गिरीश पुन्हा दुकानात आला. नव्या माणसाकडून धनुष्य लागेना, पात्यांचे बाण सैरावैरा जात होते. मालकाने डग्लसला मागच्या खोलीत बोलावलं. गिरीशने या वेळी हातमोजे बरोबर आणले होते. तो ते घालून मारत गेला आणि डग्लस आधार सरकवत गेला, दुकान बंद होईपर्यंत.

डग्लस घरी आला तो शीळ घालतच. मी ताट वाढत होते.

“लागलं एकदाचं,” तो म्हणाला. “हातमोज्यातसुद्धा खेटून बसतायत. आणि ऐक ना, सर म्हणाले, या वेळी तुला नक्की नेतो.”

मी त्याच्या ताटात भात वाढला. तोंडावर आलेलं बोलले असते तर त्याला रडवलं असतं. तो आत गेला. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आला तेव्हा तो राखाडी स्वेटर त्याच्या हातात होता आणि दुसऱ्या हाताने तो लेबल तोडत होता.

“बेट्टी,” त्याने विचारलं, “हातमोजे कुठे मिळतात गं? मलाही एक जोडी लागेल ना.”