केमिस्टकाका

“नटीचं घर दाखवतो म्हणाले, आणि हे गटारांवरच बोलतायत,” ब्रॅकनेलहून आलेल्या एक काकू माझ्या मागे कुजबुजल्या.

केमिस्टकाका तेव्हा त्या घराकडे पाठ करून, भरतीचं पाणी रस्त्यावर येऊ नये म्हणून गावाने काय काय केलं ते सांगत होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या हवा खाण्याच्या गावात एके काळी लंडनचे नट, गायक घरं घेऊन राहायचे. काकांचं तिथे औषधांचं दुकान होतं. निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यातल्या रविवारी ते महाराष्ट्र मंडळातल्या आपल्या लोकांना ती घरं हिंडून दाखवायचे.

असे वाटाडे तुम्हीही पाहिले असतील. नटीच्या तिसऱ्या नवऱ्यापर्यंत पोचायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. काका विटा कुठून आल्या तिथे पोचायचे.

“पण ती तुमच्या दुकानात यायची ना काका? काय न्यायची?” कोणीतरी विचारायचंच.

“न्यायची कसली, छत्री विसरून जायची. चला, पुढे चला.”

विमा कंपनीच्या कामावर मी पुण्याहून तिथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात मला अंथरुणातून उठवेना. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या लिहून दिल्या. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम स्टेशनमागच्या केमिस्टकडे गेले, तर काउंटरमागे काका. निवृत्तीनंतरही ते अधूनमधून असं दुसऱ्यांच्या दुकानात बदली म्हणून काम करायचे. त्यांनी प्रिस्क्रिप्शन वाचलं, मग त्यावरचं माझं नाव.

“जेवण झाल्यावर घे. सुरुवातीला काहीच फरक वाटणार नाही. मनाने बंद करू नकोस,” ते हळूच म्हणाले आणि पिशवीचं तोंड नीट दुमडून दिलं.

मला धडकी भरली. मंडळात कळलं की पुण्यात कळणार, मग आईला फोन. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी दाराशीच घुटमळले.

“ही मुलगी इतकी गप्प का हो? काही होतंय का हिला?” त्याच काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं.

काकांनी त्यांच्यापुढे तिळगुळाचा डबा धरला. “माझ्याबरोबर दोनदा फिरली आहे ती. गप्प होणारच.”

सगळे हसले. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, काकांनीही नाही. त्यानंतर उन्हाळा आला की दर रविवारी मी त्यांच्या मागून चालत राहिले. गोळ्या कधी संपल्या, आता बरं वाटतं का, एका शब्दाने त्यांनी विचारलं नाही. चढ आला की मात्र माझ्यासाठी थांबायचे, आणि थांबण्याचं कारण म्हणून एखादं धुराडं दाखवायचे.

गेल्या वर्षी काका गेले. शोकसभेत लोक त्यांच्या विटांवरून प्रेमाने हसले. “एवढ्या मोठमोठ्या लोकांची गुपितं पोटात घेऊन गेले,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “एक तरी सांगायचं होतं.”

तोवर मी कधी सभेत बोलले नव्हते. उभी राहिले तेव्हा पुढची खुर्ची घट्ट धरली होती.

“त्यातलं एक माझं होतं,” मी म्हणाले. “मी डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते. काकांनीच दिल्या होत्या.”