बाहेरच्यांसाठी वेगळा कप्पा

संघमित्रा गमरे अंधेरीतल्या एका खासगी लॅबचा कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. लॅबमधल्या सगळ्यांची नावं, पासवर्ड एकाच डिरेक्टरीत. मेल असो, रिपोर्ट असो, लॉगिन तिथूनच तपासलं जायचं. यंदा पेशंटसाठी अ‍ॅप आलं. 'स्वतः नोंदणी करा' दाबलं की पेशंटचं नावही त्याच डिरेक्टरीत, थेट स्टाफच्या गटात जाऊन बसायचं, म्हणजे स्टाफला दिसणारे सगळे रिपोर्ट त्यालाही दिसणार. हे धोक्याचं आहे, असं तिने आधीच सांगितलं होतं. तिचे साहेब श्यामकांत म्हणाले होते, "आधी सुरू तर करू, मग बघू."

मग माहुलच्या एका पेशंटचा, मालनबाईंचा फोन आला. "मॅडम, माझा शुगरचा रिपोर्ट बघायला गेले, तर इथे सगळ्यांचेच दिसतायत. एक-दोन चुकून उघडले गेले. मग बंदच केलं बाई. असं बघू नये ना?"

संघमित्राने लगेच नोंदणी बंद केली आणि आधी झालेली सगळी खाती अडवून ठेवली.

श्यामकांत तिच्या टेबलाशी आले. "कोणाला विचारून बंद केलंस?"

"कोणालाच नाही, सर."

"वरून फोन येतायत. चालू कर."

"नाही करणार. हवं तर मला काढून टाका."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. श्यामकांत खुर्ची ओढून बसले. "बरं, काय करायचं ते सांग."

डिरेक्टरीत तिने बाहेरच्यांसाठी वेगळा कप्पा केला. मोबाइलवर आलेला कोड टाकल्याशिवाय खातं उघडायचं नाही, आणि उघडलं तरी ज्याला त्याला आपलाच रिपोर्ट दिसायचा. काम किचकट होतं, पण झालं. त्याहून जड काम पुढेच होतं. ज्यांचे रिपोर्ट परक्यांनी उघडले होते, त्यांना कळवायला हवं, असा तिने हट्ट धरला. श्यामकांतनी निम्मे फोन स्वतःकडे घेतले. कोणी शिव्या दिल्या, कोणी मधेच फोन ठेवला.

संघमित्रा चारकोपला घरी आली तेव्हा नवऱ्याने, रतनने, ताट वाढलं. "संपलं ना एकदाचं?"

"संपलं रे. एका पोराने विचारलं, माझ्या रिपोर्टचं घरी कोणाला कळलं नसेल ना? ज्याने बघितला तो पुढे कोणाशी बोलला, ते मला कसं कळणार?"

तिने दोन घास खाल्ले आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.