नाणेघाट चढलेला तोफगोळा

ती घटना आठवली की आजही मला हसू आवरत नाही. तेव्हा मी जुन्नरच्या ठाण्यावर फौजदार होतो. मुंबईच्या किनाऱ्याला सरकारने एक निकामी लढाऊ बोट लोकांना बघण्यासाठी ठेवली होती. आमच्याकडची माणसं नाणेघाट उतरून, कल्याणला आगगाडी धरून ती बघून येत आणि महिनाभर तोफांच्या गप्पा मारत. एके दिवशी मुंबईहून खलिता आला. बोटीवरचा तोफगोळा चोरीस गेला होता आणि संशय जुन्नरकडच्या मंडळींवर होता.

खबर दिली बांगड्या विकत गावोगाव फिरणाऱ्या मणियारचाचांनी. "साहेब, डिंगोऱ्याच्या अंगाला एका गावात मारुतीपुढं लोखंडाची गोटी आलीया." मारुतीपुढची दगडी गोटी उचलणं ही आमच्याकडे गड्यांची परीक्षा असते. मी दोन शिपाई घेऊन तिथे पोचलो, तर गोटी गायब. चावडीवर एकेकाला बोलावून जबाब घेतले. "बोट पायली. गोळा न्हाई पायला," हेच सगळ्यांचं पालुपद. गावाने एकदा तोंड मिटलं की दमदाटीचा उपयोग नसतो.

मग मी दप्तर आवरलं आणि शिपायाला मोठ्याने म्हणालो, "चला, शेजारच्या गावात बघू. एवढं वजन घेऊन घाट चढणारा गडी इथं दिसत नाही."

पिळदार मिशीचा एक गडी ताडकन उठला. "राव, गावाची लाज काढू नका. गोळा मीच आणलाय." त्याने कडब्याच्या गंजीखालून गोळा लोळवत पुढे आणला. माणूस चोरी लपवतो, पण फुशारकी त्याला लपवता येत नाही.

"आता उचलून आमच्या बैलगाडीत ठेव," मी म्हणालो. गोळा गुडघ्यापर्यंत आला आणि गडी तसाच वाकून राहिला. तेवढ्यात त्याची बायको पुढे झाली. "बोटीवरनं आमी दोगांनी घोंगड्यात धरून आणला. कल्याणलाच यांची कंबर धरली. घाट म्या चढले, गोळा माज्या डोईवर व्हता."

गाव पोट धरून हसलं. गडी माझ्या कानाशी लागला. "साहेब, सा महिनं आत टाका, पर ह्ये कागदावर घिऊ नका."

मी बाईला बजावलं, "असं म्हणालीस तर तूही आरोपी होशील."

"व्हऊ द्या. चढले ती चढलेच."

ते ऐकून मात्र गड्याचा चेहरा उतरला. कचेरीत मॅजिस्ट्रेटांनी गोळा कोणी आणला असं विचारलं, तेव्हा बायकोला तोंड उघडू न देता तो म्हणाला, "मी एकट्यानं. बाईमानसाला ह्ये उचलतंय व्हय?" बाई सुटली, पण नवऱ्याकडे अशी बघत होती की तुरुंग परवडला. मॅजिस्ट्रेटांनी हसू दाबत गड्याला ताकीद दिली आणि गोळा स्वतः वाहून बोटीवर पोचवण्याचा हुकूम केला.

नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ घेतले. हा खोटा होता, तरी मला तो फार आवडला. तो मायेने बोलला की मिशीला पीळ देत, ते मला सांगता येणार नाही. एकाच वाक्यात माणूस दोन्ही बोलू शकतो, एवढं मात्र त्या दिवसापासून मला कळलं.

कचेरीबाहेर बाईने जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ करून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, शिपायांच्या मदतीने गोळा चढवला आणि हळूच म्हणाली, "शिपाई बगत्यात तवर तुमी न्या. फुडं मी हायेच."