मडगार्डवरचा पांढरा पट्टा

महायुद्धाच्या काळात आमची कंपनी कामथडीजवळ तंबू ठोकून होती. मी सायकल ऑर्डर्ली. रोज संध्याकाळी साडेसहाला डाक घेऊन चार मैलांवरच्या पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौकीवर, जायचं. ब्लॅकआउटमुळे लॉऱ्यांचे दिवे अर्धे झाकलेले असत. म्हणून स्टँडिंग ऑर्डर होती, सायकलच्या मागच्या मडगार्डवर वीतभर पांढरा पट्टा हवाच. लपायला शिकलेल्या शिपायांनी आपल्याच लॉऱ्यांना दिसायचं, याचं आम्हाला हसू येई.

मोठ्या साहेबांच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी सायकल भोरला मिस्त्रीकडे नेली. त्यानं चेन रॉकेलनं धुतली, हबमध्ये ग्रीस भरलं, ब्रेकची रबरं बदलली. मग रंगाचा डबा उघडून थांबला.

"पट्टा ऱ्हाऊ द्यायचा का?"

"न्हाई. पोपडे निघाल्यात. समदं काळं कर."

इन्स्पेक्शनला चकाकी सगळ्यांना दिसली, पट्टा नाही हे कुणालाच दिसलं नाही. शाबासकी मिळाली. मी फुशारून गेलो.

त्या संध्याकाळी माझ्याच सेक्शनचा शिपाई, मार्गासनीचा धोंडिबा, तंबूत आला. "लई दमलायस. डाक म्या नेतो. हवालदारांना इचारलंय. सायकल बरी हाय न्हवं?"

"कालच सर्व्हिस केलीय. लोण्यावानी चालती."

पट्ट्याची आठवण मला तेव्हाच झाली. वाटेकडेचे दगड रंगवून उरलेला चुना दहा पावलांवर बादलीत होता. पण बूट नुकतेच काढले होते. एका दिवसानं काय होतंय, असं मनाशी म्हणून मी गप्प बसलो.

सात वाजता पिकेटचा फोन आला. मी हवालदारांच्या शेजारीच होतो.

"सायकलवाला पडलाय. मागून लॉरी लागली. स्ट्रेचर पाठवा."

"जिवंत?"

"न्हाई, साहेब."

स्ट्रेचर घेऊन आम्ही पोचलो, तर लॉरीचा ड्रायव्हर रडत एकच सांगत होता, "दिसलाच न्हाई वो."

चौकशीत मला पट्ट्याबद्दल विचारलं. मी सावधान उभा राहून म्हणालो, "ठाऊक नाही, सर." त्या उत्तराची लाज मला अजून वाटते. कागदावर लिहिलं गेलं, स्वारानं खुणेशिवाय सायकल चालवली.

त्याचं सामान घेऊन मी मार्गासनीला गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "माज्या धोंडूचीच चूक हुती म्हनं?"

"न्हाई, मावशी."

मग कुणाची, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता तीही गेली, विचारणारं कुणी उरलं नाही. तरी सांगतो. शिपाई धोंडिबा, वय बावीस, माझं काम करायला गेला होता. चूक माझी होती.